ब्रेक लावायचा नसतो, सोडायचा असतो

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो. पण हापिसात एकामागून एक रिलीज आणि वीकांत सगळा झोपेत, त्यामुळे राहूनच जात होतं. काल आमच्या बिल्डिंगची लिफ्ट बंद पडली, दोन पिशव्या भाजी घेऊन चार मजले चढून आलो आणि धापा टाकत ठरवलं की आता लिहायचंच. विषय आहे होइस्टचा ब्रेक. होइस्ट म्हणजे ओझं वर चढवायचं यंत्र. थांबा, पळू नका! यात आगगाडी आहे, खाण आहे, न्यूयॉर्कमधला एक नाटकी माणूस आहे आणि आमचं तुमसरचं घरही आहे. सुरुवात तिथूनच करतो.

२०२३ च्या मे महिन्यात आमच्या घरावर दुसरा मजला चढत होता. तुमसर म्हणजे भंडारा जिल्ह्यातलं राईस मिलचं गाव. उन्हाळ्यात दुपारी बाहेर पडायची सोय नाही. पावसाच्या आधी स्लॅब पडायला हवा, म्हणून मी पुण्याहून रोज रात्री फोन करायचो, "झालं का, किती झालं, उद्या काय?" आमच्या प्रोजेक्ट मॅनेजरवर मी ज्या कारणासाठी चिडतो, अगदी तेच मी मिस्त्रीबरोबर करत होतो. हे आता कळतंय. असो.

मिस्त्रींनी भाड्यानं एक छोटा होइस्ट आणला होता. गच्चीच्या कडेला लोखंडी आडवा दांडा, त्याला टांगलेली मोटर, तारेचा दोर गुंडाळायचा ड्रम, खाली हूक आणि हुकाला पत्र्याचा पाळणा. एका वायरला दोन बटणं, वर आणि खाली. बस्स. मी चार दिवसांच्या सुट्टीवर घरी गेलो होतो. दुपारी तीनच्या सुमारास पाळण्यात विटा भरून वर चालल्या होत्या आणि लाईट गेली. पाळणा पहिल्या मजल्याच्या थोडा वर थांबला. एक-दोन सेकंद थांबलाही. मग हळूच खाली यायला लागला, आधी अगदी सावकाश, कोणी सोडत असल्यासारखा. मग वेगात. मग जो आवाज झाला तो मला अजून आठवतो.

खाली एक बाई घमेलं भरत होत्या. (आमच्याकडे बांधकामावर काम करणाऱ्या बाईला रेजा म्हणतात.) पाळणा पडला तेव्हा त्या तिथून सात-आठ पावलं पुढे गेल्या होत्या. घमेलं भरून झालं होतं म्हणून. भरायचं राहिलं असतं तर काय, हा विचार मी त्या दिवशी केला नाही. नंतर पुण्याला परत येताना रात्रीच्या गाडीत तो आपोआप आला आणि झोप काही लागली नाही.

आवाज ऐकून शेजारचे काका आले. काका खाणीत फिटर होते, रिटायर होऊन बरीच वर्षं झाली. कोणाला ओरडले नाहीत, काही नाही. शिडी मागितली, वर चढले, मोटरच्या मागचं झाकण काढलं आणि मला हाक मारली.

"पाय बाबू, हे आटे कसे चमकून राह्यले."

ब्रेकच्या स्प्रिंगवर एक नट होता. तो नट ज्या बोल्टवर बसतो त्याचे चार-पाच आटे चकचकीत होते, बाकी सगळीकडे धूळ, सिमेंट आणि गंज. म्हणजे नट नुकताच मागे घेतला होता.

"कोणं ढिला केला हा?"

मिस्त्री खाली मान घालून म्हणाले, "व्होल्टेज कमी राहते न जी, काकाजी. दोनदा कॉइल जळली. स्प्रिंग जराशी सैल केली का मंग उचलते. काम तं थांबवता येत नाही न. भाऊचा रोज फोन येते."

भाऊ म्हणजे मी.

काकांनी मग मला एक प्रश्न विचारला. "तू इंजिनियर आहेस. सांग, करंट गेला का ब्रेक कोण लावते?" माझी डिग्री इलेक्ट्रॉनिक्सची, नोकरी जावामधली. मी जरा विचार करून म्हणालो, "आत बॅटरी असेल." काका हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. "करंट ब्रेक लावत नाही बाबू. करंट ब्रेक सोडते."

या एका वाक्यानं माझं डोकं फिरलं. कारण ब्रेक म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे स्कूटर येते. पाय दाबला की ब्रेक लागतो, पाय काढला की सुटतो. होइस्टमध्ये बरोबर उलटं असतं. तिथे एक दणकट स्प्रिंग ब्रेकचे शू (किंवा चकती) कायम दाबून धरते. यंत्र बंद आहे, रात्र आहे, कोणी जवळ नाही, तरी ब्रेक लागलेलाच आहे. तुम्ही बटण दाबता तेव्हा मोटरला आणि ब्रेकच्या कॉइलला एकाच वेळी वीज मिळते. कॉइलचं चुंबक स्प्रिंगच्या विरुद्ध ओढतं, शू सुटतात आणि मोटर फिरते. बटण सोडलं, फ्यूज उडाला, वायर तुटली, कॉइल जळली, गावाची लाईट गेली, काहीही झालं तरी परिणाम एकच. चुंबक मेलं, स्प्रिंग जिंकली, ओझं आहे तिथे थांबलं. ब्रेक लावायला काहीही लागत नाही, ब्रेक न लागू देण्यासाठी मात्र सगळं धड असावं लागतं.

मी लहान असताना आमच्याकडे भारनियमनात तासन् तास लाईट नसायची. आता विचार करा, त्या काळात जिल्ह्यातल्या सगळ्या छोट्या-मोठ्या कारखान्यांत दिवसातून दोनदा तरी कुठलं ना कुठलं ओझं हवेत असताना वीज जात असणार. आणि ते सगळं निमूट हवेत लटकून राहत असणार, वीज येईपर्यंत. कोणाला त्याचं काही वाटतही नसेल.

पुण्याला आल्यावर मी हे प्रकरण खणून काढायला बसलो. एवढी उलटी कल्पना कोणाला तरी पहिल्यांदा सुचली असणार ना? तर उत्तर असं की ती एकदम कोणाला सुचली नाही. आधी ती चुकून मिळाली.

जुन्या गॅरेजमध्ये चेनकप्पी बघितली असेल तुम्ही. साखळी ओढत राहायचं आणि इंजिन इंचाइंचानं वर येतं. तिचं एक मूळ रूप म्हणजे डिफरेन्शियल कप्पी. थॉमस वेस्टन नावाच्या माणसाचं तिच्यावरचं पेटंट १८५९ चं. वर एकाच आसावर दोन चाकं, एक किंचित मोठं, एक किंचित लहान, आणि दोन्हींवरून गेलेली एकच अखंड साखळी. दोन चाकांत फरक जितका कमी तितकं जास्त वजन एका माणसाला उचलता येतं. गंमत म्हणजे साखळी सोडून दिली तरी ओझं खाली येत नाही. ब्रेक कुठे आहे? कुठेच नाही! या कप्पीत घर्षण इतकं आहे की तुम्ही लावलेल्या कष्टातला निम्म्याहून जास्त भाग त्यातच वाया जातो. आणि ज्या यंत्रात निम्म्याहून जास्त वाया जातं ते यंत्र ओझ्याला उलटं फिरवता येत नाही, हा साधा हिशोब आहे. थोडक्यात काय, ते यंत्र निकम्मं होतं म्हणूनच सुरक्षित होतं. (काही सरकारी वेबसाइट आठवल्या. इतक्या हळू चालतात की हॅकरसुद्धा कंटाळून जात असेल.)

मग लोकांनी यंत्रं सुधारली. चांगले दातेरी गिअर आले, घर्षण कमी झालं, एका माणसाच्या ताकदीत जास्त ओझं जास्त वेगानं उचलता यायला लागलं. आणि ओझं आपल्या आपण खाली यायला लागलं! जुन्या यंत्रात फुकट मिळणारी सुरक्षितता सुधारणेबरोबर निघून गेली, ती आता वेगळी बसवावी लागणार होती.

यावरचा जो उपाय आजही वेस्टनच्याच नावानं ओळखला जातो, तो मला सगळ्या गोष्टीतला सर्वांत देखणा भाग वाटतो. आजच्या चेनकप्पीतही तोच असतो. हातसाखळीचं चाक शाफ्टवर नुसतं ठोकलेलं नसतं, नटासारखं आट्यांवर बसवलेलं असतं. चाक आणि शाफ्टची कड यांच्यामध्ये एक दातेरी चकती असते आणि तिला एक खटका, म्हणजे ती एकाच दिशेनं फिरू शकते. तुम्ही वर चढवायला साखळी ओढली की चाक आट्यांवर आवळत जातं, चकती घट्ट चिमटली जाते आणि सगळं एकत्र फिरतं, खटका टकटक वाजत राहतो. तुम्ही थांबलात. आता ओझं शाफ्टला उलटं फिरवायला बघतं. पण शाफ्ट उलटा फिरू लागला की आटे आणखी आवळतात, चकती आणखी घट्ट होते, आणि चकतीला तर खटक्यानं अडवलेलं आहे. म्हणजे ओझं जितकं जड तितका त्याचा स्वतःचाच फास घट्ट! खाली उतरवायचं तर तुम्हाला साखळी उलटी ओढून आटे मुद्दाम किंचित सैल करावे लागतात. ओझं जरा खाली येतं, येता येता पुन्हा स्वतःला आवळून घेतं, तुम्ही पुन्हा सैल करता. चोराच्या हातीच तिजोरीची किल्ली दिलीय, पण त्यानं ती फिरवली की कुलूप आणखी घट्ट बसतं.

आता तो नाटकी माणूस. एलिशा ओटिस. १८५४ साली न्यूयॉर्कच्या क्रिस्टल पॅलेस प्रदर्शनात तो उघड्या लिफ्टच्या फळीवर उभा राहिला, लोकांच्या डोक्यावर उंच गेला आणि वरचा दोर तोडायला लावला. फळी थोडीशी घसरली आणि थांबली. त्याची युक्ती काय होती? फळीच्या वर घोडागाडीला असते तसली पट्ट्यांची स्प्रिंग, आणि दोर त्या स्प्रिंगला बांधलेला. फळीच्या वजनानं स्प्रिंग वाकून राहायची. दोर तुटला की ती सरळ व्हायची आणि तिची टोकं दोन्ही बाजूंच्या दातेरी पट्ट्यांत अडकायची. म्हणजे दोराचा ताणच ब्रेकला लांब ठेवत होता. ज्या गोष्टीच्या तुटण्याची भीती, तिलाच ब्रेक उघडा धरून ठेवायला लावायचं. ती तुटली की ब्रेक आपोआप लागला!

हाच विचार आगगाडीत वेगळ्या वाटेनं आला, आणि तिथे त्याची किंमत फार मोठी मोजावी लागली. जॉर्ज वेस्टिंगहाऊसचा पहिला हवेचा ब्रेक १८६९ चा. त्यात ड्रायव्हर नळीतून हवा पाठवायचा आणि ब्रेक लागायचा. नळी फुटली तर? ब्रेक नाही. १८७२ मध्ये त्यानं ते उलटं केलं. प्रत्येक डब्याला स्वतःची हवेची टाकी, आणि नळीतला दाब असेपर्यंत ब्रेक सुटलेला. दाब गेला, मग तो ड्रायव्हरनं सोडला म्हणून असो की डबे तुटले म्हणून, प्रत्येक डबा स्वतःला ब्रेक लावून घेतो.

युक्ती माहीत होती, पण सगळ्यांनी ती लगेच घेतली नाही. खर्च होता, आणि 'आमचं चाललंय की' हे वाक्य तेव्हाही होतं. १२ जून १८८९ ला आयर्लंडमधल्या आर्माह गावाहून रविवारच्या शाळेच्या मुलांची सहलीची गाडी निघाली. ती चढावर अडकली. पुढचे काही डबे आधी वर नेऊ, मागचे नंतर, असं ठरवून गाडी मधून तोडली. गाडीला ब्रेक होता निर्वात पद्धतीचा, पण साधा, इंजिन जोडलेलं असेपर्यंतच चालणारा. डबे तोडल्याबरोबर मागच्या सगळ्या डब्यांचा ब्रेक गेला. उरला एक गार्डचा हातब्रेक आणि चाकांखाली ठेवलेले काही दगड. पुढचा भाग निघताना जरासा मागे सरकला, धक्का लागला, दगड चुरडले, आणि माणसांनी भरलेले डबे उतारावरून मागे पळत सुटले. मागून दुसरी गाडी येत होती. ८० च्या आसपास माणसं गेली, त्यात मुलं कितीतरी. त्याच वर्षी ब्रिटिश पार्लमेंटनं कायदा केला की प्रवासी गाड्यांना आपोआप लागणारा ब्रेक असलाच पाहिजे.

आपल्याकडे रेल्वेत साखळी ओढतात ना, तेही हेच. साखळी ब्रेक लावत नाही. जुन्या निर्वात ब्रेकमध्ये ती नळीत बाहेरची हवा आत सोडायची, आताच्या हवेच्या ब्रेकमध्ये आतला दाब बाहेर सोडते. तुम्ही फक्त ब्रेक न लागण्याचं कारण काढून घेता. इतकी वर्षं तुमसर रोड ते नागपूर येजा केली, पण हे डोक्यात आलं नव्हतं.

१८८० च्या दशकाअखेरीपासून विजेवरच्या क्रेन येऊ लागल्या आणि मग स्प्रिंग आणि चुंबकाची ही जोडी घट्ट जमली. त्यातला एक अवतार सांगितल्याशिवाय राहवत नाही. जर्मनीच्या डेमाग कंपनीच्या होइस्टमध्ये मोटरचा रोटर सरळ नळकांड्यासारखा नसून शंकूच्या आकाराचा असायचा. वीज आली की चुंबकीय ओढीनं रोटर फिरतोही आणि थोडासा आसावर आत सरकतोही. त्या सरकण्यानंच मागची ब्रेकची चकती सुटते. वीज गेली की स्प्रिंग रोटरला मागे ढकलते आणि ब्रेक लागतो. वेगळी कॉइल नाहीच, म्हणजे ती जळायचा प्रश्नच नाही! असं काही वाचलं की आपण लिहिलेला कोड आठवून लाज वाटते.

आता थोडा हिशोब, कारण त्याशिवाय नटाची भानगड कळणार नाही. समजा ५०० किलोचं ओझं आहे आणि ड्रमचा व्यास २० सेंटीमीटर. ड्रमवर ते धरून ठेवायला साधारण ४९० न्यूटन-मीटरचा पीळ लागतो. हे बऱ्यापैकी राक्षसी काम आहे. पण ब्रेक ड्रमवर बसवतच नाहीत, तो बसवतात मोटरच्या शाफ्टवर. मध्ये १०० पट गिअर असेल तर तिथे पीळ उरतो जेमतेम ५ न्यूटन-मीटर. म्हणजे एक मीटर लांब काठीच्या टोकाला अर्धा किलोची साखरेची पुडी लावून काठी आडवी धरायची, एवढंच. म्हणून छोट्या होइस्टचा ब्रेक तळहाताएवढा असतो तरी अर्धा टन धरतो. दुसरी बाजू अशी की त्या छोट्याशा स्प्रिंगमध्ये थोडी गडबड केली की तीही १०० पट होऊन ड्रमवर पोचते.

आणि व्होल्टेज. चुंबकाची ओढ व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात जाते. २३० च्या जागी १६० व्होल्ट आले तर ओढ ७० टक्के होत नाही, निम्म्याच्याही किंचित खाली जाते. मे महिन्यात, पंप आणि कूलर सगळे चालू असताना, आमच्याकडे दुपारी व्होल्टेज किती उतरतं हे मी कूलरच्या आवाजावरून सांगू शकतो. अशा वेळी कॉइलला स्प्रिंग ओढवत नाही. आणि एसीवर चालणाऱ्या कॉइलचा एक वाईट गुण असा की तिचा लोखंडी गाभा पूर्ण ओढला जाईपर्यंत ती नेहमीच्या कितीतरी पट करंट खाते. गाभा मध्येच अडकला की ती खातच राहते आणि जळते. (डीसी कॉइलला हा रोग नाही. तिला दुसरा आहे. रेक्टिफायरच्या आधी वीज तोडली तर कॉइलमधला करंट रेक्टिफायरमधूनच काही क्षण फिरत राहतो आणि ब्रेक उशिरा लागतो. म्हणून चांगल्या यंत्रात वीज रेक्टिफायरच्या पलीकडे, डीसीच्या बाजूला तोडतात.)

म्हणजे आमच्या मिस्त्रींची तक्रार शंभर टक्के खरी होती. कॉइल खरंच जळत होती. आणि यंत्र तेव्हा नेमकं तेच करत होतं ज्यासाठी ते बनवलंय. वीज धड नाही, तर मी ब्रेक सोडणार नाही. सगळ्या बिघाडांचं रूपांतर एकाच बिघाडात करायचं, काम थांबणे. ओटिसपासून सगळ्यांनी दीडशे वर्षं हेच साधलं.

फक्त 'काम थांबणे' हा यंत्राच्या दृष्टीनं सुरक्षित शेवट आहे. रोजंदारीवरच्या माणसाच्या दृष्टीनं नाही. त्याची त्या दिवसाची मजुरी बुडते, वर मालकाचा फोन येतो. मग तो पाना घेतो आणि नट चार आटे मागे घेतो. स्प्रिंग सैल झाली की अर्ध्या व्होल्टेजलाही कॉइल ती ओढू शकते. काम चालू! आणि दिसायला काहीच बिघडलेलं नाही. बादलीभर मालाला तो अर्धमेला ब्रेक व्यवस्थित धरतो, आठवडाभर धरतो. मग एक दिवस पाळण्यात विटा जरा जास्त भरल्या जातात, आणि नेमकी तेव्हाच लाईट जाते.

त्यात अजून एक भर होती, ती काकांनीच दाखवली. ब्रेकच्या लायनरचा वरचा थर काचेसारखा गुळगुळीत झाला होता. संध्याकाळी मलबा खाली उतरवताना पोरं मोटर न लावता, हातानंच ब्रेकची पट्टी उचलून पाळणा सोडायची. पटकन होतं म्हणून. खरं तर मोटर लावून उतरवलं की ओझं मोटरला ढकलतं, मोटर जनरेटरसारखी वागून त्याला आवरते आणि ब्रेकला फक्त शेवटी धरायचं काम उरतं. हातानं सोडलं की सगळी ऊर्जा लायनरमध्ये. अर्धा टन १० मीटर उतरवला तर ४९ हजार ज्यूल, म्हणजे किलोभर लोखंड जवळजवळ १०० अंशांनी तापेल एवढी उष्णता, दर खेपेला. लायनर भाजून निघतो आणि त्याची पकड जाते.

काकांना हे इतकं का माहीत, तर त्यांचं आयुष्य खाणीत गेलं. आमच्या तुमसर तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्ग या मँगनीजच्या खाणी. १८९६ मध्ये सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट नावाची ब्रिटिश मंडळी या धंद्यात उतरली, पुढे तिची सेंट्रल प्रॉव्हिन्सेस मँगनीज ओअर कंपनी झाली. १९६२ मध्ये तिची मालमत्ता घेऊन आजची मॉयल उभी राहिली, आणि १९७७ मध्ये ब्रिटिश कंपनीकडचे उरलेले ४९ टक्के शेअरही सरकारनं घेतले. डोंगरी बुजुर्ग उघडी खाण, चिखला जमिनीखालची. जमिनीखालच्या खाणीत पिंजऱ्यानं माणसं उतरवायची म्हणजे होइस्टच, फक्त विटांच्या जागी माणसं. काका सांगतात, यंत्र थांबून राहिलं असेल तर माणसं बसवण्याआधी पिंजरा एकदा रिकामा वर-खाली फिरवून बघायचा. रोज. घाई असली तरी.

मी काकांना विचारलं, नट नीट आवळलेला असेल तर स्प्रिंगच्या ब्रेकवर डोळे मिटून भरवसा ठेवावा का? ते काही बोलले नाहीत. उत्तर मला नंतर वाचनात मिळालं. ३० जुलै १९७३, इंग्लंडमधल्या डर्बीशायरची मार्कहॅम कोळसा खाण. सकाळी २९ कामगारांना घेऊन पिंजरा खाली चालला होता. ब्रेक स्प्रिंगनं लागणाराच होता, अगदी शास्त्रशुद्ध. ऑपरेटरनं ब्रेक ओढला, काही नाही. आणीबाणीचं बटण दाबलं, तरी ब्रेक लागला नाही. पिंजरा तळाला आदळला. १८ जण गेले, ११ जबर जखमी झाले. स्प्रिंगची सगळी ताकद शूपर्यंत पोचवणारी एक पोलादी सळई होती, जेमतेम दोन इंच जाडीची. वर्षानुवर्षं वाकण्याच्या ताणानं तिला तडा गेला होता आणि ती त्या दिवशी तुटली. स्प्रिंग जागेवर होती, पण तिची ताकद पोचवणारं काही उरलं नव्हतं. ताकद एकाच वाटेनं जात होती, आणि ती वाट तुटली तर काय हे कोणी विचारलं नव्हतं. त्यानंतर खाणींच्या ब्रेकमध्ये अशी एकुलती एक कडी ठेवायची नाही, हा धडा सगळीकडे गेला. आमच्या क्षेत्रात याला सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर म्हणून मुलाखतीत विचारतात. मीही विचारतो. आता विचारताना जरा आवंढा गिळतो.

छोट्या होइस्टमध्येही ही एकुलती वाट असतेच. ब्रेक मोटरवर, ओझं ड्रमवर, मध्ये गिअर. गिअरचे दात मोडले तर ब्रेक आपला मोटरला धरून बसेल आणि ड्रम मोकळा फिरेल. म्हणून काही विजेच्या चेन होइस्टमध्ये स्प्रिंगच्या ब्रेकच्या जोडीला तो वेस्टनचा स्वतःला आवळणारा ब्रेकही घालत, आणि वितळलेलं पोलाद उचलणाऱ्या क्रेनवर तर एकावर भागत नाही, दुसरा ब्रेक लागतोच. आमच्या भाड्याच्या होइस्टमध्ये दुसरं काही नव्हतं.

आणि कधी कधी 'थांबणे' हेच धोक्याचं. आमच्या जिल्ह्यात पवनीजवळ वैनगंगेवर गोसीखुर्द धरण आहे, ३३ दरवाज्यांचं. २०२० च्या ऑगस्टअखेरीस पूर आला तेव्हा सगळे ३३ दरवाजे उघडावे लागले होते. धरणाचा दरवाजा पुरात अर्ध्यावर अडकून बसला तर त्याला सुरक्षित कोण म्हणेल? म्हणून अशा ठिकाणी ब्रेकच्या जोडीला जनरेटर आणि हातानं फिरवायची सोयही लागते. योगायोग म्हणजे कर्नाटकातल्या तुंगभद्रा धरणालाही ३३ दरवाजे. १० ऑगस्ट २०२४ च्या रात्री त्यातल्या १९ क्रमांकाच्या दरवाजाची साखळीच तुटली आणि दरवाजा वाहून गेला. साखळी तुटल्यावर ब्रेक कितीही चांगला असला तरी तो धरणार काय!

विषयांतर फार झालं. तुमसरला परत येतो.

मिस्त्रींवर कोणी ओरडलं नाही. आई फक्त म्हणाली, "दोन दिवस उशीर झाला तर झाला." मग माझ्याकडे बघितलं. नवी कॉइल आली, नवे लायनर आले, आणि होइस्टच्या आधी एक स्टॅबिलायझर बसवला, त्याचे पैसे मी दिले. काकांनी नट त्यांच्या हातानं आवळला आणि त्याच्यावर दुसरा नट बसवून लॉक केला. पाळण्याच्या खाली येईल एवढ्या जागेला चारी बाजूंनी दोर बांधून घेतला, त्यात कोणी पाऊल टाकायचं नाही.

मग म्हणाले, "विटा भर. रोजच्यापेक्षा चार जास्त." पाळणा भरला. "फूटभर उचल." उचलला. पाळण्याच्या कडेशी भिंतीवर त्यांनी खडूनं एक रेघ मारली आणि मला म्हणाले, "जा, मेन बंद करून ये."

मी मेन बंद केला. सगळे तिथेच भिंतीच्या सावलीत बसलो, मिस्त्री, पोरं, त्या बाई, मी. आईनं चहा पाठवला. काका कप हातात धरून रेघेकडे बघत होते. पाच मिनिटं, दहा मिनिटं. पोरं कंटाळून मोबाईल काढायला लागली. वीसेक मिनिटांनी काका उठले, रेघेजवळ वाकून बघितलं, बोटानं पाळणा जरा खाली दाबून बघितला. कप तसाच भरलेला होता.

"थंडा झाला हा," म्हणाले, "दुसरा पाठव म्हणा."